अर्धा कॅन चीक

आमच्याकडे पाहुणे आले, जेवणं झाली, की बायको म्हणते, "यांना ती चिकाची गोष्ट सांगायला लावा." स्वर असा, की जणू मी त्यात काही पराक्रम गाजवला होता. मग मी सांगायला लागतो आणि ती मधे मधे दुरुस्त्या करते. शेवटी गोष्ट तिची होते आणि गाढवपणा तेवढा माझ्याकडे उरतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू. कागदावर तरी मधे बोलता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बहरीनला एका डेअरीत नोकरीला होतो. गल्फमध्ये म्हणजे जावई तेलात असणार, अशी सासऱ्यांची समजूत. मी दुधात आहे हे कळल्यावर त्यांनी सरळ विचारलं होतं, "दूधच बघायचं होतं तर कोल्हापूर काय वाईट होतं?"

माझं काम दूध उतरवून घ्यायच्या फलाटावर. बेटावर गाई पाळणारी शेतं मोजकीच. खजुरांच्या झाडांमागे पत्र्याची शेड, शेडमध्ये काळ्यापांढऱ्या गाई, त्यांच्या डोक्यावर गरगरणारे मोठाले पंखे. सकाळी तिथून पिकअप गाड्यांतून कॅन यायचे. मी एकेका कॅनचं झाकण उचलायचो, नाक आत घालायचो आणि म्हणायचो, "घ्या," नाहीतर "परत." डिप्लोमा होता माझ्याकडे, पण नोकरी चालली होती ती नाकावर. मुलगी शाळेत सांगायची, "माय डॅड स्मेल्स मिल्क." शिक्षिका काय समजली असेल कोण जाणे.

प्रत्येक शेताला कोटा होता. डेअरीला ताजं दूध लागायचं ते ठरावीक. बाकीचं काम पावडरीवर भागे. म्हणून या शेताचे सहा कॅन, त्या शेताचे दहा, असं लावून दिलेलं. कोट्यातलं दूध डेअरी ठरल्या भावाने घेणारच, मग पावडर कितीही स्वस्त होवो. कोट्यावरचा मात्र एक पेलासुद्धा नाही. सातवा कॅन आला तर तो परत गाडीत चढवायचा, हेही माझंच काम. आणि एखाद्याचं दूध नासलं, तर त्याचा तेवढा कॅन परत. बाकीचे पाच आत.

हमद टाउनच्या शेवटच्या राउंडअबाउटवरून आत वळलं की एक हाजी होते. वय सत्तरीचं, गाई सोळा, कोटा सहा कॅन. तरुणपणी दोन-तीन वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे हिंदी बोलायचे, आणि तीही अशी, की मला गिरगावात उभं असल्यासारखं वाटावं. मला ते मुहंदिस म्हणत, म्हणजे इंजिनियर. मी इंजिनियर नाही हे मी पहिल्या वर्षी दोनदा सांगितलं. नंतर सांगायचं सोडून दिलं. बरं वाटायचं.

हाजींच्या गाई हिवाळ्यात सातवा कॅन भरायच्याच. त्यातलं दूध ते शेजारपाजारच्या घरांना फुकट वाटायचे. दुपारी शेडच्या दाराशी भांडी घेऊन बाया उभ्या असायच्या. उन्हाळ्यात उलटं व्हायचं. बहरीनचा ऑगस्ट म्हणजे गाईला ओव्हनमध्ये ठेवल्यासारखं. दूध अर्ध्यावर यायचं. पण हिवाळ्यात सहाला अडकवलेलं तर उन्हाळ्यात कमी पडलं म्हणून बोलायचं नाही, पैसे सहाचेच द्यायचे, असा डेअरीचा न लिहिलेला रिवाज. हाजींचं सगळं गणित त्यावर बसलेलं.

मग एका वर्षी उन्हाळा सरता सरता आयर्लंडचा एक साहेब आला आणि म्हणाला, कोटा बंद.

गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात दुधाचा कोटा तेव्हा जोरात चालू होता. स्वतःच्या घरची भिंत पाडता येत नाही म्हणून हा आमची पाडायला आला, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "हे त्याच्या तोंडावर म्हणाल?" नाही म्हणालो अर्थात.

नवी पद्धत अशी होती. कॅन बंद. प्रत्येक शेतावर एक मोठा स्टीलचा कूलर बसवायचा, आपल्या भाषेत पिंपाच्या आकाराचा फ्रीज म्हटलं तरी चालेल. दोन्ही वेळचं दूध त्यात ओतायचं. रोज सकाळी टँकर येऊन सगळं घेऊन जाणार, प्रत्येक शेताचं दूध वेगळ्या कप्प्यात. जितकं असेल तितकं, वर मर्यादा नाही. भाव दुधाच्या प्रतीवर. पण दूध डेअरीत तपासणीला नापास झालं, तर कॅन नाही, सगळाच्या सगळा टँक परत. टँकर उलटा शेतावर जाणार आणि तुमचं दूध तुमच्या दारात सोडून येणार. ऑक्टोबरपासून रमजान लागेपर्यंत हा बदलाचा काळ. तेवढ्यात ज्याचं दूध तीनदा परत गेलं, ते शेत टँकरच्या रस्त्यावरून कायमचं बाद.

हे सगळं शेतकऱ्यांना समजावून सांगायचं काम साहेबाने मला दिलं. तुला ते ओळखतात, म्हणाला. ओळखत होतेच. त्यांचा सातवा कॅन परत पाठवणारा माणूस मीच.

मी हाजींच्या बैठकीत गादीवर बसून, कावा, म्हणजे तिकडची कडू कॉफी, चार-चार वाट्या पीत, दोन तास बोललो. आता मर्यादा नाही, आता प्रत्येक थेंबाला किंमत, आता हिवाळ्यात तुमचा फायदाच फायदा. हाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "और गर्मी में?"

"गर्मी में... जितना होगा उतना लेंगे."

"छह का पैसा?"

"नहीं. जितना होगा उतने का."

त्यांनी वाटी खाली ठेवली. दाराबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मुहंदिस, कोटा दीवार था. सामने से रोकता था, मालूम है. मगर मैं उसको पीठ लगा के बैठता था."

मी हसून वेळ मारून नेली. माझ्या खिशात साहेबाचा कागद होता आणि त्यावर सह्या आणायच्या होत्या. हाजींनी सही केली. दुसरं कुणी दूध घेणारं बेटावर नव्हतंच. बाद झालं की गाई विकायच्या, एवढाच मार्ग.

शेतावर गाईंचं सगळं करायला चितगावचा एक माणूस होता. चाळिशीचा, काटक, बारा वर्षं हाजींकडे. त्याला मी कूलर शिकवला. शिकवताना एक वाक्य इतक्या वेळा म्हणालो, की तो ते माझ्याआधी म्हणायला लागला: "कुछ बाहर नहीं रखना. सब टँक में डालना." हे वाक्य ध्यानात ठेवा. मला पुढे झोपेत ऐकू यायचं.

पहिला टँक परत गेला नोव्हेंबरात. कूलरच्या घरघरीने गाई बावरतात म्हणून हाजींनी तो रात्रभर बंद ठेवला होता. एसी बंद करतो तसा. दुसरा गेला डिसेंबरात. धुतल्यावर नळीत पाणी राहिलं, दूध आंबलं. दोन्ही वेळा टँकर परत आला, आणि हाजींनी दोनशे-सव्वादोनशे लिटर दूध खजुरांच्या आळ्यात जाताना उभं राहून पाहिलं. मला फोनवर म्हणाले, "अब एक बाकी है." मी म्हणालो, "मफी मुश्किल हाजी, कोई मुश्किल नहीं, मैं हूं ना."

मी होतो ना. तीच तर अडचण.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं. बुसैतीनला एका बँकवाल्यांच्या व्हिलाच्या अंगणात, शुक्रवारी दुपारी, चाळीसेक माणसं. आदल्या आठवड्यात काय करायचं याची चर्चा चालली होती. तिळगूळ, भोगीची भाजी, बाजरी कुठे मिळेल वगैरे. कुणीतरी म्हणालं, "किती वर्षं झाली हो खरवस खाऊन!" सगळे हळहळले. पुण्याचे एक अकाउंटंट तर डोळे मिटून बसले. मुंबईत निदान डेअरीत बनवलेला तरी मिळतो, इथे चीक कुठला मिळायला?

आणि मी तोंड उघडलं.

"चीक ना? किती पाहिजे?"

त्या क्षणी मला जो मान मिळाला, तसा लग्नात घोड्यावरसुद्धा मिळाला नव्हता. बायको माझ्याकडे बघत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुम्हाला डेअरीने कागदावर सही करायला लावलीय ना, शेतकऱ्यांकडून काही घ्यायचं नाही म्हणून?"

"अगं, चीक ही काय वस्तू आहे? ते लोक वासराला पाजून उरलेला फेकून देतात."

"मग खजूर?"

"खजूर तर सगळेच घेतात. तिथे खजूर ही वस्तू नाही, हवामान आहे."

"चीक हवामान आहे का?"

मी गाडीचा रेडिओ लावला.

व्यालेल्या गाईचं पहिल्या चार-पाच दिवसांचं दूध डेअरीत चालत नाही, हे दुधातल्या कुणालाही ठाऊक असतं. तापवलं की ते फुटतं, आणि म्हणूनच तर खरवस होतो. हाजींच्या दोन गाई त्याच आठवड्यात व्याल्या. मी चितगाववाल्याला फोनवर सांगितलं, दोन्हीचा पहिला-दुसरा चीक एका कॅनमध्ये काढून ठेव, कूलरशेजारी गारव्यात, मी गुरुवारी येऊन नेतो. थोडा ज्यादा रख. त्याने अर्धा कॅन भरला. त्याने हाजींना सांगितलं, तर ते पेपर वाचत होते म्हणे, न ऐकताच मान डोलावली.

बुधवारी सकाळी टँकर आला. मी फलाटावरच होतो. फलाटावर आता माझ्या नाकाला काम नव्हतं. दूध पाइपातून जायचं, झाकण उचलायला झाकणच नाही. लॅबमध्ये एक केरळी बाई नमुने तपासायच्या. काचेच्या नळीत थोडंसं दूध, नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग आडवी करून बघायची. काचेला बारीक कण चिकटले तर दूध फुटलं. बाईंनी हाजींची नळी आडवी केली, परत केली, आणि मला हाक मारली.

नळीत चक्क खरवस जमला होता.

मला कळायला एक सेकंद पुरला. कॅन. कूलरशेजारी ठेवलेला. कुछ बाहर नहीं रखना, सब टँक में डालना.

बाईंनी विचारलं, "कॉलोस्ट्रम?" म्हणजे चीकच. मी म्हणालो, "माहीत नाही." हे माझं पहिलं खोटं. टँकर परत गेला.

मी दुपारी शेतावर गेलो. मला आत शिरतानाच हाजींचा आवाज ऐकू आला. चितगाववाला शेडच्या खांबाला टेकून उभा, मान खाली, आणि हाजी अरबीत बोलत होते. सगळं कळलं नाही. "खलास" आणि "तय्यारा", म्हणजे विमान, हे दोन शब्द कळले. त्याला परत पाठवायचं चाललं होतं. मला बघून तो म्हणाला, "साब, आपने बोला था ना, कुछ बाहर नहीं रखना? मैं तो दो दिन बाहर रखा. फिर सोचा, गुरुवार तक खराब होगा. तो डाल दिया."

मी म्हणालो, "हाजी, गलती इसकी नहीं है. मेरी है. वो मैंने मंगवाया था."

"किसलिए?"

"खाने के लिए." मग वाटलं, एवढं पुरेसं नाही. "मिठाई बनती है. चालीस आदमी के लिए बोला था."

हाजी माझ्याकडे बघत राहिले. मी आयुष्यात बऱ्याच लोकांची बोलणी खाल्ली आहेत, सासऱ्यांची धरून. पण त्या बघण्याइतकं काही खाल्लं नाही. चाळीस माणसांच्या मिठाईसाठी सोळा गाई. असं त्यांनी म्हटलं नाही, पण हिशेब तोच होता.

मग ते बसले आणि मलाही बसवलं. कावा आला नाही.

"कागज कब आएगा?"

"शनिवार. साहेब सही करेगा."

"तो तू साहेब को बोल."

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"मैं बोलूंगा तो वो बोलेगा, बुड्ढा बहाना करता है. ये बोलेगा तो कौन सुनेगा? तू बोल. तू वहां का आदमी है."

"हाजी, मेरी नौकरी..."

"मालूम है," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट. "मेरी भी."

तिथून नईम भागातल्या घरी येईपर्यंत मी तीन राउंडअबाउट चुकलो. एकावर तर दोन फेऱ्या मारल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही.

"मी मागितला होता का खरवस? मी म्हटलं होतं, बुंदीचे लाडू करू."

"आता ते राहू दे."

"का राहू दे? डब्यात जायफळ किसून ठेवलंय मी तुमच्या नावाने."

मग ती थांबली. मुलीची त्या वर्षी दहावी होती, मार्चमध्ये परीक्षा. नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर महिन्याभरात चंबूगबाळं आवरून कोल्हापूर. परीक्षेच्या तोंडावर. हे दोघांनाही ठाऊक होतं. आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हणालो, "काही नाही, दूध फुटलं." ती म्हणाली, "सो बाय अनदर पॅकेट."

गुरुवार-शुक्रवार ही तिकडची सुट्टी. गुरुवारी मी दिवसभर साहेबाशी मनातल्या मनात इंग्रजीत बोललो. एकदा स्वतःला काढून टाकलं, एकदा माफ केलं, एकदा साहेबालाच रडवलं. दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना बायको म्हणाली, "ओठ हलतायत तुमचे. समोरची बघतेय." मग मी ओठ मिटून बोलायला लागलो.

न सांगण्याची बाजूही मी नीट मांडून पाहिली, खोटं कशाला सांगू? हाजींचे दोन टँक तर त्यांच्याच चुकीने परत गेले होते. मी नसतो तरी तिसरा केव्हातरी गेलाच असता. उन्हाळ्यात तर नक्कीच. म्हातारा माणूस, किती दिवस गाई बघणार? मुलगे सरकारी नोकरीत. असं बरंच. एखाद्याचं घर बुडतंय हे पटवून घ्यायला किती कारणं लागतात, बघा. आणि सगळी कशी हाताशीच असतात.

शुक्रवारी बुसैतीनला गेलो. जाऊ नये म्हणत होतो, पण बायको म्हणाली, "तोंड लपवून बसलात तर लोकांना जास्त कळेल." अंगणात शिरताच अकाउंटंट पुढे आले. हातात रिकामी वाटी. घरून आणली होती माणसाने!

"कुठाय?"

"गाय व्यायची राहिली हो," मी म्हणालो. दुसरं खोटं. आठवडाभर अडलेल्या त्या गाईबद्दल बायका मग माझी चौकशी करत राहिल्या. एकीने बाळंतशोपा सुचवल्या. सगळे हसत होते, तिळगूळ वाटत होते, गोड बोला म्हणत होते. मी तिळाची वडी ताटात इकडून तिकडे सरकवत होतो. बायकोने एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

परत येताना पुलावर ती म्हणाली, "सांगणार आहात का?"

"तू सांग. काय करू?"

"मी कशाला सांगू? उद्या काही झालं तर आयुष्यभर म्हणाल, तुझ्यामुळे." थोड्या वेळाने म्हणाली, "पण एक सांगते. सांगणार नसाल तर नका सांगू, ते एक वेळ चालेल. पण मग असं तोंड करून घरात बसायचं नाही. दोन्ही नाही मिळणार."

हा तिचा पराक्रम. ती अजून म्हणते की तिने मला सांगायला लावलं. मी म्हणतो, तिने काहीच सांगितलं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

शनिवारी सकाळी साहेबाच्या टेबलावर हाजींना बाद केल्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. मी उलटं वाचू शकत होतो. मनात तयार केलेलं सगळं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. मी म्हणालो, "सर, तो चीक माझा होता."

त्याला काहीच कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. मंडळ, संक्रांत, चाळीस माणसं, फोन, कॅन. चितगाववाल्याने माझीच शिकवण पाळली, हेही. मिठाई कशी करतात ते का सांगितलं, मला माहीत नाही. घाबरलेला माणूस पाककृतीसुद्धा सांगतो. गूळ, वेलची, जायफळ, वाफ.

साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढ-घाल करत होता. मग म्हणाला, त्यांच्याकडे त्याची आई चिकाचे जाडसर घावन करायची. गाय व्याली की भावंडं चुलीभोवती बसायची. हे सांगताना त्याचा चेहरा क्षणभर मऊ झाला आणि मी आशेने पुढे सरकलो. सरकायला नको होतं.

"तू कागदावर सही केली होतीस," तो म्हणाला.

"हो, सर."

"आणि बुधवारी लॅबमध्ये विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणालास."

त्या केरळी बाईंनी लिहून ठेवलं होतं. त्यांचं कामच ते.

त्याने हाजींचं पत्र उचललं आणि खणात ठेवलं. फाडलं नाही. म्हणाला, टँक शेतकऱ्याचा, टँकमध्ये काय जातं ते बघायची जबाबदारी शेतकऱ्याची. तिसऱ्यांदा नापास झालं ते पुसता येणार नाही. पण डेअरीच्या माणसाने गडबड केली, तर ती मोजायची तरी कशी? म्हणून पत्र खणात. रमजान लागायला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत एकदा जरी दूध परत गेलं, तर पत्र जाईल. मी शेतांवर जायचं नाही, फलाटावर यायचं नाही, उद्यापासून पॅकिंगला. आणि माझ्या व्हिसाचं रिन्यूअलही त्याच खणात राहील. "दोन्हीवर एकाच दिवशी सही करीन," तो म्हणाला. "किंवा करणार नाही."

ते पंधरा दिवस मी ताकाच्या डब्यांवर झाकणं बसवली. रमजान जवळ आला की बहरीनमध्ये ताकाला, म्हणजे लबनला, पूर येतो. मशीन थांबायचंच नाही. पॅकिंगच्या हॉलला खिडकी नाही. टँकर आला की जमीन बारीक हादरायची, तेवढंच कळायचं. मग मी मनात मोजायचो: पाइप जोडला, नमुना घेतला, नळी पाण्यात, पाच मिनिटं. एकदा मोजता मोजता मी शंभरेक डबे झाकणाविना पुढे सोडले.

रोज पहाटे घरून हाजींना फोन. कूलर चालू आहे? काटा कितीवर? नळी निथळली? वासरांचं दूध वेगळं ठेवलं? पहिले दोन दिवस ते फक्त "हां" म्हणायचे आणि ठेवायचे. त्यांचा राग गेला नव्हता आणि मीही तो जावा म्हणून काही बोलत नव्हतो. पाचव्या दिवशी म्हणाले, "तेरा फोन बजता है तो गाय दूध चढ़ा लेती है." म्हणजे पान्हा चोरते. दहाव्या दिवशी फोन त्यांनी उचललाच नाही, मी पुन्हा लावला. मग चितगाववाल्याने उचलला. म्हणाला, हाजी कूलरपाशी बसलेत, काट्याकडे बघत. त्याने आता एक मोडकी खुर्ची तिथेच नेऊन ठेवली होती. त्याचं विमान काही गेलं नाही. पण तोही बोलायचा तो कमीच.

बाराव्या दिवशी त्या भागात वीज गेली. पाऊण तास. हाजींनी ओळखीच्या बर्फवाल्याकडून लाद्या आणवल्या आणि टँकच्या भोवती लावल्या, गोणपाटात गुंडाळून. मला हे वीज आल्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी काय करणार होतो? झाकणं बसवत होतो.

शेवटच्या दिवशी मी मुकादमाला पोट बिघडलंय सांगितलं. लॅबच्या काचेबाहेर जाऊन उभा राहिलो. आत जायची मला मनाई. केरळी बाईंनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. सहा नळ्या पाण्यात होत्या, कुठली हाजींची ते मला दिसत नव्हतं. त्यांनी पहिली काढली, आडवी केली, लिहिलं. दुसरी, लिहिलं. तिसरी त्यांनी उजेडाकडे धरली. परत आडवी केली. मग चष्म्यावर आलेली वाफ त्यांनी पदराने पुसली, नळीकडे पुन्हा पाहिलं, लिहिलं, आणि चौथी काढली.

सहाही झाल्यावर त्यांनी काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. आपल्याकडे "हो"ला हलवतात तशी का केरळात हलवतात तशी, ते मला कळेना. मी हात जोडले. मग त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "ऑल सिक्स ओके. नाऊ यू गो."

दुपारी साहेबाने बोलावलं. माझ्या कागदावर सही केली आणि हाजींचं पत्र दोनदा फाडून टोपलीत टाकलं. वर बघितलं नाही. पॅकिंगमधून मला काढायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं. पुढची तीन वर्षं मी तिथेच होतो. मुलगी दहावी पास झाली, बारावीही तिथूनच झाली.

ऑफिसच्या फोनवरून हाजींना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"हाजी, पास."

"मालूम है."

"किसने बोला?"

"किसी ने नहीं. टँकर वापस नहीं आया."

नंतर चितगाववाल्याकडून कळलं, सकाळी टँकर गेल्यापासून ते फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. राउंडअबाउटवरून टँकरसारखी एखादी पांढरी गाडी वळली की उठायचे, ती पुढे गेली की बसायचे. दुपारच्या नमाजाला उठले, तेव्हा म्हणे गुडघे धरले होते.

मला वाटलं होतं, ते काहीतरी म्हणतील. शुक्रिया नको, निदान यल्ला, म्हणजे चला, खलास, असं काही. फोनवर पंख्यांचा आवाज येत होता आणि एक वासरू हंबरत होतं.

"तो अब कल?" त्यांनी विचारलं.

"कल भी वैसे ही. जितना होगा उतना लेंगे."

"और परसों?"

"परसों भी."

"मतलब रोज ऐसे ही बैठना," हाजी म्हणाले.

मी हो म्हणालो.